नवी मंडळी, शाखा की घरसभा? कोकणातल्या पंचांनी ठरवताना

दापोलीच्या चर्चला येणारं एखादं कुटुंब बदलीने गुहागरला गेलं की रविवारची पंचाईत होते. नकाशावर तालुके शेजारी, पण मध्ये दाभोळची खाडी. धोपाव्याला फेरीबोट धरायची, पलीकडे उतरून पुन्हा घाटवळणं. तान्हं मूल आणि आषाढातला पाऊस सोबत असेल तर दहाची उपासना चुकतेच. अशी चार घरं झाली की चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या बैठकीत विषय निघतो: तिकडेच काही सुरू करायचं का?

आहे त्या चर्चची इमारत वाढवणं हा पर्याय मी लगेच बाजूला ठेवतो. खुर्च्या वाढतात, खाडी हटत नाही.

उरल्या दोन वाटा: मूळ मंडळीची, म्हणजे चर्चची, शाखा किंवा कुणाच्या घरी भरणारी स्वतंत्र घरसभा.

घरसभेला खर्च नाही. पेटी, गायनपुस्तक आणि चहा, एवढ्यावर भागतं. चर्चची पायरी चढायला बिचकणारा शेजारीही ओटीवर येऊन बसतो. दापोली तालुक्यातच जन्मलेल्या ना. वा. टिळकांनी 1917 साली ‘देवाचा दरबार’ हा भक्तसंघ काढला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांसाठी. ती मोकळीक घरातच जमते. पण घरमालकाची बदली झाली की सभाही उठते. शिवाय लग्न लावायचं तर 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे दीक्षित पाळक किंवा परवानाधारक लागतो. आणि पहिला मृत्यू झाला की दफन कुठे? कोकणात गावकीशी हे बोलणं आधीच झालेलं बरं.

शाखेचं इथे पारडं जड. नोंदवही, पाळक, कबरस्तान सगळं मूळ मंडळीचं. दुखणं एकच, तिला पोसून घ्यायची सवय लागते. परदेशी देणगीवर चालणाऱ्या संस्थेच्या भरवशावर तर राहूच नका. परदेशी देणगी कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर अशा संस्थेला तो निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. स्वतःचा खर्च, स्वतःचा कारभार, स्वतःचा प्रसार ही कसोटी हेन्री वेन आणि रूफस अँडरसन या मिशनसंस्थांच्या चिटणिसांनी एकोणिसाव्या शतकातच घातली होती. त्याआधी, 1823 पासून, स्कॉटिश मिशनऱ्यांनी बाणकोट-हर्णैला शाळा चालवल्या. पुढे कामाचं ठाणं मुंबई-पुण्याला हललं. बाहेरच्या माणसांवर उभं केलेलं काम त्यांच्याबरोबरच जातं.

नवी मंडळी नवी माणसं आणते, असं चर्चवाढीचे अभ्यासक ठासून सांगतात. पीटर वॅग्नर यांच्या मते तर सुवार्तेचा याहून परिणामकारक मार्ग नाही. आपल्याकडे मात्र पुष्कळदा एका वहीतली नावं दुसऱ्या वहीत जातात, नि दोन्ही पाळक एकमेकांशी बोलेनासे होतात. येणाऱ्यांपैकी आधी कुठल्याच चर्चला न जाणारे किती, हे विचारा. मोजणी मे महिन्यात किंवा नाताळात करू नका. तेव्हा चाकरमानी आलेले असतात. ऑगस्टमधल्या एखाद्या रविवारी जे येतील, ती तुमची मंडळी.

माझा कौल: सुरुवात घरसभेने, पण मूळ मंडळीच्या नोंदवहीखाली, आणि घरं आळीपाळीने. दुसरं वर्ष उजाडायच्या आत तिथलेच दोन वडील, म्हणजे मंडळीचे वडीलधारे पुढारी, नेमावेत. बायबलमध्ये तीत या सहकाऱ्याला लिहिताना पौलानेही नगरोनगरी वडील नेमायला सांगितलं होतं. तिथले लोक पाळकाचा प्रवासखर्च स्वतः उचलू लागले की शाखेचा ठराव घ्या. जागा त्यानंतर. वडील व्हायला स्थानिक माणूसच पुढे येत नसेल, तर महिन्यातून एकदा प्रभुभोजनाला पाळक पाठवा आणि त्या सभेला नवीन नाव देऊ नका.