डिह्युमिडिफायरचे आठ महिने आणि कपाटामागची भिंत

झोपण्याच्या खोलीतील कपाटामागची भिंत काळी पडली आणि तळच्या कप्प्यातल्या चामडी पट्ट्यावर पांढरट लव दिसू लागली, तेव्हा दिवसाला 20 लिटर क्षमतेचा, कॉम्प्रेसरवर चालणारा डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा पाण्याच्या रूपात काढून घेणारे यंत्र, आम्ही घेतला. त्याला आता आठ महिने झाले. ज्या कामासाठी तो आणला ते काम त्याने अर्धेच केले. उरलेले अर्धे कपाट वीतभर पुढे ओढल्यावर झाले.

आधी 20 लिटर या आकड्याविषयी. ही क्षमता बहुधा 30 अंश सेल्सियस तापमान आणि 80 टक्के सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावेल त्या बाष्पाच्या किती टक्के बाष्प आहे ते; हवा गार झाली की हा आकडा वाढतो) धरून मोजलेली असते. आमच्या खोलीत 26 अंश आणि 65 टक्क्यांच्या आसपास दिवसभर चालवूनही आठ-नऊ लिटरच्या वर पाणी कधी जमले नाही. हवा कोरडी होत जाईल तसे पाणी कमीच निघणार हे उघड आहे, तरी खोक्यावरचा आकडा पाहून घेणाऱ्याची फसगत होतेच. थंडीत आतल्या नळ्यांवर बर्फ धरतो आणि तो वितळेपर्यंत पाणी निघणे थांबते. ज्यांची खोली बराच काळ गार असते त्यांनी ओलावा शोषणाऱ्या चाकाचे यंत्र पाहावे. ते वीज अधिक खाते, पण थंडीत अडत नाही.

यंत्रावरच्या आर्द्रतेच्या आकड्यावर मात्र मी विसंबणे सोडले आहे. तो 52 दाखवी तेव्हा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला साधा आर्द्रतामापक 60 दाखवी. यांतला खरा कोणता, हे मिठाने ठरवले. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओलसर होईल इतकेच पाणी घातले आणि ते झाकण मापकाशेजारी हवाबंद डब्यात रात्रभर ठेवले. अशा डब्यातली आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी मापक 73 वर होता, म्हणजे विश्वास ठेवण्याजोगा होता.

तरीही, खोलीत 60 टक्के आर्द्रता राखूनसुद्धा, तिसऱ्या महिन्यात कपाटामागे काळे ठिपके पुन्हा उमटले. ती बाहेरची भिंत आहे आणि मागे हवा खेळत नसल्यामुळे ती खोलीपेक्षा गार राहते. खोलीतली हवा 25 अंश व 60 टक्के असेल आणि भिंत 20 अंशांवर असेल, तर भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता 80 टक्क्यांच्या पुढे जाते, आणि बुरशीला तेवढे पुरते. भिंतीवर पाण्याचा थेंब दिसावाच लागतो असे नाही. यंत्र खोलीच्या मध्यावर कितीही घुमले तरी त्या फटीत हवा पोहोचत नव्हती.

मग कपाट पुढे ओढले, मास्क लावून भिंत साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसली (कोरड्या ब्रशने घासले की बीजाणू घरभर उडतात), पोपडे खरवडले आणि भिंत पूर्ण वाळल्यावरच रंग दिला. त्याआधी एकदा घाईने ठिपक्यांवरच रंग मारला होता; तो महिन्याभरात फुगून आला. खोलीतली आर्द्रता आता 55 टक्क्यांच्या खाली ठेवतो. गेले पाच महिने भिंत स्वच्छ आहे.

कपडे घरात वाळत घालण्याच्या दिवसांत हे यंत्र खरोखर उपयोगी पडते. दार बंद करून लावले की संध्याकाळपर्यंत जाड टॉवेलसुद्धा वाळतो आणि तो आंबूस वास राहत नाही. गैरसोयी दोन: खोली चांगलीच तापते, कारण खर्च झालेली सगळी वीज उष्णता होऊन तिथेच राहते, आणि आवाज इतका की रात्री शेजारी ठेवून झोप लागत नाही. टाकी भरली की ते आपोआप थांबते, हे सोयीचे वाटले तरी बाहेरगावी जाताना निरुपयोगी ठरते, म्हणून आता नळी लावून पाणी थेट मोरीत सोडले आहे. जाळी दर पंधरवड्याला धुतो.

कपाट पुन्हा भिंतीला टेकवावे, मधल्या फटीत धूळ साचते, अशी घरातून अधूनमधून मागणी होते. ती अजून मान्य केलेली नाही.