ड्रम चाळणीची दुरुस्ती आणि आमची फसवणूक: पार्ट बदलू देण्याआधी काय मोजायचं

धान्य सफाईच्या कामात ज्यांच्याकडे फिरती ड्रम चाळणी आहे, त्यांनी हे नीट वाचावं. मशीन दुरुस्त करतो म्हणून आलेल्या माणसाने आम्हाला ड्रमचे चुकीचे छिद्रांचे पत्रे विकले, वापरलेली बेअरिंग नवीन म्हणून बसवली आणि शेवटी त्याच्याच हातून झालेल्या बिघाडावर नवीन पंख्याचं कोटेशन दिलं. त्याचं नाव इथे देत नाही, पण त्याची पद्धत सविस्तर देतो, कारण हीच पद्धत दुसरीकडेही वापरली जाते.

मूळ तक्रार अगदी साधी होती. ड्रमच्या पहिल्या भागात बारीक छिद्रांतून माती-खडे गळतात, दुसऱ्या भागात मोठ्या छिद्रांतून चांगलं धान्य खाली पडतं, आणि काडी, सुतळी, ढेकळं शेवटच्या तोंडातून बाहेर जातात. आमच्याकडे त्या शेवटच्या तोंडातून चांगलं धान्यही जायला लागलं होतं. याची कारणं ठरलेली आहेत: छिद्रं बुजली, माल एकदम जास्त सुटला, ड्रमचा वेग बदलला, किंवा ओलसर माल आला. यातलं पहिलं कारण सगळ्यात जास्त वेळा असतं. पत्र्याला बाहेरून घासणारा ब्रश झिजला की तो पत्र्याला टेकत नाही, आणि दाणे छिद्रांत अडकून बसतात. आमच्याकडेही शेवटी तेच निघालं. ब्रश बदलून तो पत्र्याला टेकवला असता तर काम तिथेच संपलं असतं.

आलेल्या मेकॅनिकने ब्रशकडे पाहिलंच नाही. ड्रमवर हात फिरवला, जरा वेळ आवाज ऐकला आणि सांगितलं की पत्रे संपलेत, पूर्ण सेट बदलावा लागेल, बेअरिंग गेलीत आणि ड्रम हळू फिरतोय. त्याने एकही माप घेतलं नव्हतं. फेऱ्या मोजणारा टॅकोमीटर नाही, करंट मोजणारा क्लॅम्प मीटर नाही, छिद्र-जाडी मोजणारा कॅलिपर नाही.

नवीन पत्रे बसल्यावर मशीन सुधारल्यासारखं वाटलं, आणि याच टप्प्यावर माणूस बिल देऊन मोकळा होतो. नवीन पत्र्याची छिद्रं स्वच्छ असतात, त्यामुळे सुरुवातीला माल गळतोच. पण माल पूर्ण क्षमतेने सोडला की पुन्हा चांगलं धान्य कचऱ्याबरोबर बाहेर! तेव्हा आम्ही कॅलिपर घेऊन नवा पत्रा जुन्या तुकड्याशेजारी ठेवला. दोन्हींची छिद्रं 8 मिलिमीटरच होती. फरक पिचमध्ये होता, म्हणजे एका छिद्राच्या मध्यापासून शेजारच्या छिद्राच्या मध्यापर्यंतच्या अंतरात. जुन्या पत्र्याचा पिच 11 मिलिमीटर, नव्याचा 14.

हा फरक डोळ्याला जाणवत नाही, पण हिशोबात फार मोठा आहे. तिरक्या ओळींत पाडलेल्या गोल छिद्रांच्या पत्र्यात, जिथे प्रत्येक छिद्र शेजारच्या सगळ्यांपासून सारख्या अंतरावर असतं, उघडी जागा काढायची तर व्यासाला पिचने भागायचं, त्याचा वर्ग करायचा आणि 90.7 ने गुणायचं. जुन्या पत्र्यात ती 48 टक्के येते, नव्यात साधारण 30. गळायला जागाच तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमी झाली, तर क्षमता कशी राहील? शिवाय बिलात जाडी 2 मिलिमीटर लिहिली होती आणि पत्रा 1.5 चा निघाला. मोठ्या पिचच्या पत्र्याला छिद्रं कमी पाडावी लागतात, पातळ पत्र्याला लोखंड कमी लागतं. पैसे मात्र आमच्याकडून पूर्ण घेतले. म्हणून ऑर्डरमध्ये नुसतं ‘8 एमएम जाळी’ असं कधीही लिहू नका. छिद्र, पिच आणि जाडी हे तिन्ही आकडे लिहा, आणि पत्रा ड्रमवर चढण्याआधी मोजा.

आम्ही पिच दाखवला तेव्हा त्याने विषय वेगाकडे नेला आणि मोटरवर मोठी पुली चढवली. आमच्या ड्रमचा व्यास 1.2 मीटर. अशा ड्रममध्ये माल भिंतीला चिकटून पूर्ण गोल फिरायला लागेल तो वेग मिनिटाला सुमारे 39 फेऱ्यांचा येतो. मीटरमधल्या व्यासाच्या वर्गमुळाने 42.3 ला भागलं की हा आकडा मिळतो. चाळण्याचं काम साधारणपणे त्याच्या 30 ते 50 टक्के वेगावर नीट होतं. आमचा ड्रम 16 वर होता, म्हणजे बरोबर जागी. त्याने तो 24 वर नेला. धान्य भिंतीबरोबर जास्त उंच चढायला लागलं आणि पत्र्यावर घसरण्याऐवजी उडून खाली आदळायला लागलं. उताराच्या ड्रममध्ये वेग वाढला की माल लवकर पुढेही सरकतो, त्यामुळे छिद्राला लागायचा वेळ आणखी घटला. ज्या तक्रारीसाठी त्याला बोलावलं होतं, तीच त्याने वाढवून ठेवली.

बेअरिंगचं थोडक्यात सांगतो. बिलावर नवीन, खोलल्यावर ग्रीसखाली रिंगच्या कडेला जुना गंज आणि घासून पुसट केलेला नंबर. काढलेली बेअरिंग तो ‘भंगारात टाकतो’ म्हणून सोबत घेऊन गेला होता, त्यामुळे ती खरंच खराब होती का, हे आता कधीच कळणार नाही. काढलेला प्रत्येक पार्ट तुमच्याच ताब्यात राहील, ही अट आधीच लिहून घ्या.

भुसा आणि धूळ ओढून घेणाऱ्या पंख्याचा प्रकार मात्र नीट समजून घ्या, कारण यात भलेभले फसतात. मोटरच्या वायरींच्या पॅनेलमध्ये त्याने हात घातल्यानंतर हवेची ओढ कमी झाली. भुसा आणि धूळ धान्यातच राहायला लागली. त्याने लगेच सांगितलं की पंखा लहान पडतोय, मोठा बसवावा लागेल. आमच्या ओळखीच्या एका जुन्या इलेक्ट्रिशियनने पंख्याच्या केसिंगवरचा बाण पाहिला, मोटर क्षणभर चालू करून बंद केली, आणि पंखा उलटा फिरतोय हे दाखवलं. तीन फेजच्या मोटरला कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल झाली की ती उलटी फिरते. सेंट्रिफ्यूगल पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने जाते, फक्त बरीच कमी. म्हणून डक्टच्या, म्हणजे हवेच्या नळीच्या, तोंडाशी हात धरला की ओढ जाणवते आणि पंखा चालू आहे, पण अशक्त झालाय, असंच वाटतं. दोन वायरी जागेवर आल्या आणि ओढ पूर्ववत झाली. अदलाबदल त्याने मुद्दाम केली की नजरचुकीने, हे मी ठामपणे म्हणणार नाही. पण बाण न पाहता नवीन पंख्याचं कोटेशन देणं ही नजरचूक नव्हे, ही लबाडी आहे.

पैशांपेक्षाही जास्त संताप येतो तो त्याने घेतलेल्या जोखमीचा. पत्र्याचे तुकडे जोडायला त्याने आजूबाजूची धूळ न काढता वेल्डिंग सुरू केलं होतं. आमच्या फिटरने ते थांबवलं. धान्याची बारीक धूळ हवेत उडालेली असताना ठिणगी पडली तर स्फोट होऊ शकतो, आणि एलिव्हेटर किंवा डक्टसारख्या बंद जागेत तो फार भयंकर होतो. ड्रमच्या आतही तो नुसतं बटण बंद करून शिरला होता. मेन आयसोलेटर, म्हणजे मशीनचा मुख्य वीज तोडणारा स्विच, बंद करून त्याला कुलूप लावल्याशिवाय आणि किल्ली आत जाणाऱ्याच्या खिशात असल्याशिवाय कुणालाही ड्रममध्ये जाऊ देऊ नका, मग तो कितीही अनुभवी असो.

आम्ही बिलं, मोजलेले आकडे आणि पत्र्यांचे फोटो जोडून लेखी तक्रार केली आहे आणि उरलेली रक्कम थांबवली आहे. तोंडी भांडणाला तो दाद देत नव्हता. पिचच्या आकड्यापुढे मात्र त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

तुमच्याकडे असा माणूस येऊन गेला असेल, तर आधी पॅनेलमधली ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा भाग, पाहा. वेग वाढवल्यावर आमची मोटर वारंवार ट्रिप व्हायला लागली होती, आणि त्यावर त्याने रिलेची सेटिंग मोटरच्या नेमप्लेटवर लिहिलेल्या करंटच्या बरीच वर नेऊन ठेवली होती. ट्रिप थांबलं, पण मोटरचं संरक्षणही गेलं. रिले थेट मोटरच्या लाइनमध्ये असेल तर सेटिंग नेमप्लेटच्या आकड्याला आणा; स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर आधी कमी करंटवर सुरू करून मग पूर्ण जोरावर नेणाऱ्या) ती सहसा त्या आकड्याच्या 58 टक्क्यांवर असते, तेव्हा जोडणी इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. मग पूर्ण माल सोडून क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट मोजा. तो नेमप्लेटच्या वर जात असेल, तर जुनी पुली परत चढेपर्यंत मशीन चालवू नका.