इंजिन बांधून झालं: थंड-गरम करायचं की सरळ पळवायचं?

टू-स्ट्रोक डर्ट बाईकला नवा पिस्टन, नव्या रिंगा घातल्या की इंजिन रुळवायचं कसं यावर आमच्याकडं बेळगावात दोन मतं ठरलेलीच. एक थंड-गरमवाले: स्टँडवर चालू करायची, सिलेंडर चांगला तापला की बंद, पूर्ण गार होऊ द्यायची, असं तीनदा, मग अर्ध्या थ्रॉटलवर फिरवायची. दुसरे म्हणतात गरम करा आणि थेट मातीत घाला, थ्रॉटल उघड-मीट करत.

रिंग बसते, म्हणजे सिलेंडरला घट्ट जुळते, ती ज्वलनाच्या दाबानं, गॅस तिच्या मागं शिरून तिला सिलेंडरवर दाबतो, त्यामुळं नुसतं आयडलवर तासभर ठेवून काही होत नाही हे खरं आहे. पण पिस्टन सिलेंडरपेक्षा लवकर फुगतो, गार इंजिन जोरात पिळलं की जाम झालंच समजा. म्हणून मी आधी तीन वेळा थंड-गरम करतो आणि मगच जांबोटीकडं जातो.

चोर्ला घाट उतरताना मात्र थ्रॉटल मिटून गिअरवर सोडू नका बघा, प्रीमिक्स गाडीत ऑइल पेट्रोलबरोबरच जातं, थ्रॉटल मिटला की तेही तुटतं. माझा पिस्टन तिथंच गेला, एक्झॉस्टच्या बाजूला उभ्या रेघा, नखाला लागायच्या. आता उतारावर क्लच दाबून मधेमधे रेस देतो.