केंद्र-राज्य अधिकारांचा पत्त्यांचा संच: कापसाचा पत्ता कोणत्या डबीत?

सातवीच्या नागरिकशास्त्रात संविधानातल्या अधिकारवाटपाच्या तीन याद्या, केंद्राची संघसूची, राज्याची राज्यसूची आणि दोघांची समवर्ती सूची, थोडक्यात उरकतात. पोट्टे पाठ करतात, पेपरात लिहितात आणि आठ दिवसांत विसरतात. तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानात २४० रुपयांना मिळणारा हा संच तेवढ्याच भागासाठी आहे. खोक्यात ६० पत्ते, तीन रंगांच्या तीन पुठ्ठ्याच्या डब्या आणि उत्तरांचा एक कागद. पत्त्यावर चित्र आणि विषय असतो. मुलाने तो केंद्र, राज्य किंवा दोघांच्या डबीत टाकायचा आणि शेवटी कागदाशी ताळा घ्यायचा. पाच मुलांत डाव साधारण २५ मिनिटे चालतो.

घ्यावा का? घ्यावा. पण आणला तसा मुलांच्या हाती देऊ नये. मोठ्या माणसाने आधी तासभर बसून काही पत्ते दुरुस्त करायला हवेत.

सोपे पत्ते चोख आहेत. सैन्य, नोटा, टपाल, रेल्वे, जनगणना केंद्राकडे. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, जमिनीचा महसूल, ग्रामपंचायत राज्याकडे. शिक्षण, वीज, लग्न-घटस्फोट दोघांकडे. पोलीस पाटलाचा स्वतंत्र पत्ता आहे, ही फार चांगली गोष्ट. राज्यसूचीच्या दुसऱ्या नोंदीत ग्रामपोलीस असा स्पष्ट उल्लेख आहे, आणि गावातल्या मुलाला संविधानातली नोंद ओळखीच्या माणसाच्या रूपात दिसते. त्याच नोंदीत रेल्वे पोलीसही आहेत. म्हणून रेल्वे केंद्राची असली तरी फलाटावर चोरीची तक्रार घेणारे लोहमार्ग पोलीस राज्याचे.

सगळ्यात उत्तम जोडी कोळसा आणि रेतीची. दोन्ही जमिनीतूनच निघतात, पण चंद्रपूरकडच्या कोळसा खाणींचे नियमन केंद्राच्या कायद्याने चालते, तर रेती गौण खनिज असल्याने तिचे नियम राज्य करते. रेतीचा ट्रॅक्टर तहसीलदार अडवतो, कोळशाचा रेक अडवत नाही, एवढे सांगितले की मूल पुन्हा चुकत नाही. समृद्धी महामार्गाचा पत्ताही असाच. एवढा मोठा रस्ता म्हणजे दिल्लीचाच, असे वाटून बहुतेक मुले तो केंद्रात टाकतात. तो राज्याच्या रस्ते विकास महामंडळाने बांधला आहे. नागपूरवरून जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग मात्र केंद्राचा. दोन्ही पत्ते शेजारी ठेवून विचारावेत.

संच अडखळतो तो कापसाच्या पत्त्यावर. चित्रात फुटलेली पऱ्हाटी, खाली ‘कापूस’ आणि कागदावर उत्तर ‘राज्य’, कारण शेती ही राज्यसूचीतली १४ वी नोंद. कास्तकाराच्या घरचे मूल लगेच विचारणार, मग हमीभाव दिल्लीतून कसा जाहीर होतो? त्याचा प्रश्न बरोबर आहे आणि पत्ता चुकीचा आहे. अधिकार वस्तूचे वाटलेले नाहीत, कामांचे वाटले आहेत. वावरात कापूस पिकवणे हा शेतीचा विषय, म्हणून राज्याचा. बाजार समितीचे आवार आणि तिथले नियम बाजार म्हणून राज्याचेच, नोंद २८. कच्चा कापूस आणि सरकी यांचा व्यापार व पुरवठा समवर्ती सूचीत ३३ व्या नोंदीत नाव घेऊन लिहिला आहे. १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने ही नोंद आजच्या रूपात आली. गाठी परदेशात पाठवणे संघसूचीत, नोंद ४१. हमीभाव केंद्र जाहीर करते आणि त्या भावाने खरेदी करणारी सीसीआय ही संस्थाही केंद्राचीच.

म्हणून हा पत्ता बाजूला काढावा आणि कोऱ्या पुठ्ठ्याचे चार पत्ते करावेत: पिकवणे, बाजार समितीत विकणे, व्यापार व पुरवठा, परदेशात निर्यात. ६० पत्त्यांनी शिकवले नसेल तेवढे हे चार शिकवतात. संत्रा, सोयाबीन, तूर यांचेही असेच पत्ते करता येतील, पण समवर्ती नोंदीत कापसाचे नाव आहे तसे संत्र्याचे नाही, हे बनवताना लक्षात ठेवावे.

वने आणि वन्यप्राणी यांचे उत्तर कागदावर ‘राज्य’ छापले आहे. ते जुने झाले. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण, वने आणि वन्यप्राण्यांचे संरक्षण समवर्ती सूचीत गेले. ताडोबा-मेळघाटच्या परिसरातल्या मुलांसाठी हा पत्ता महत्त्वाचा आहे, कारण रानडुकराने वावर उकरले की पंचनाम्याला येणारा वनरक्षक राज्याचा नोकर असतो, आणि त्या डुकराला मारता येते की नाही हे ठरवणारा वन्यजीव संरक्षण कायदा संसदेचा, १९७२ चा. अशा पत्त्यांच्या मागे पेन्सिलीने दोन ओळी लिहाव्यात: ‘कायदा कोणाचा’ आणि ‘अंमल कोणाचा’.

जीएसटीचा पत्ता केंद्राच्या डबीत सांगितला आहे, तोही चूक. जीएसटी तिन्ही याद्यांच्या बाहेर, २४६-अ या स्वतंत्र कलमात आहे. तो कर केंद्र आणि राज्य दोघेही लावतात. केंद्राचा आणि राज्याचा कायदा एकमेकांशी भिडल्याचा पत्ता अर्धवट आहे. समवर्ती विषयात सहसा केंद्राचा कायदा चालतो हे खरे, पण राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली असेल तर त्या राज्यात तो टिकतो (कलम २५४), आणि पुढे संसद तो बदलूही शकते. मोबाईल टॉवर ‘शेषाधिकार’, म्हणजे कोणत्याच यादीत नसल्याने केंद्राकडे जाणारा विषय, म्हणून दाखवला आहे. दूरध्वनी व बिनतारी संपर्क संघसूचीत ३१ व्या नोंदीत आधीपासूनच आहेत. डबी तीच, कारण चुकलेले.

खोक्यावर ९७, ६६ आणि ४७ असे विषयांचे आकडे आहेत. ते मूळ संविधानातले. नोंदी वगळत आणि जोडत गेल्याने आजची मोजणी ९८, ५९ आणि ५२ येते, तरी राज्यसूचीचा शेवटचा क्रमांक ६६ च राहतो, कारण वगळलेल्या क्रमांकांच्या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत. मुलाला दोन पुस्तकांत दोन आकडे दिसले तर हे सांगावे.

पुठ्ठा पातळ आहे. उन्हाळ्यात पत्ते वळतात, पावसाळ्यात कडा फुगतात आणि पंखा लावला की डाव उडतो. पत्ता ६ बाय ९ सेंटिमीटरचा असल्याने ए-४ च्या एका लॅमिनेशन पाऊचमध्ये नऊ बसतात. सगळ्यांना सात पाऊच लागतात. मागे लिहायच्या ओळी त्याआधीच लिहून घ्याव्यात. डब्यांच्या तळाला चिकटपट्टी लावावी, नाहीतर महिन्याभरात तळ सुटतो.

चाळीस मुलांच्या वर्गाला एक संच पुरत नाही, निदान चार लागतात. बजेट एकाचेच असेल तर एकच घ्यावा आणि उरलेले पत्ते मुलांकडून जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर करून घ्यावेत. चौथीच्या खालच्या मुलांसाठी घेऊ नये.