गिटारच्या जुन्या पेडलची तडकलेली बॉडी : सांधावी, नवा भाग छापून घ्यावा, की धातूच्या डब्यात हलवावी?

१९८० च्या दशकात पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी, पायाने चालू-बंद करायची छोटी पेटी, म्हटले की ओतीव धातूची जड बॉडी डोळ्यांसमोर येई. त्याच काळात एरियन या जपानी कंपनीने मात्र प्लॅस्टिकच्या बॉडीतली स्वस्त पेडल बाजारात आणली. त्यांतील एससीएच-१ हा स्टिरिओ कोरस (एकाच वेळी अनेक गिटारी वाजल्यासारखा भास देणारे पेडल) मायकेल लँडाऊ यांच्यासारख्या नामवंत स्टुडिओ-वादकाने वापरला, आणि पुढे उत्पादन श्रीलंकेत गेल्यावरही त्याची मागणी टिकून राहिली. आयबानेझच्या साउंडटँक मालिकेतील टीएस-५ हे १९९० च्या दशकातले पेडलही प्लॅस्टिकच्याच बॉडीचे. अशा पेडलचे सर्किट बहुधा धडधाकट असते, पण जॅकजवळचा (केबल खुपसायच्या जागेजवळचा) कोपरा, स्क्रूचे खांब किंवा पायाने दाबायची झडप तुटलेली असते. अशा वेळी सर्वांत मजबूत गोंद कोणता, असे विचारले जाते. माझ्या मते आधी विचारायला हवे ते हे, की तुटलेल्या भागावर जोर कोणत्या दिशेने येतो. दुरुस्तीची पद्धत त्यावरूनच ठरते.

त्याआधी प्लॅस्टिक ओळखावे लागते. अशा बॉडी सहसा एबीएस या कडक प्लॅस्टिकच्या असतात, पण खात्री करून घेणे सोपे आहे. बॅटरीच्या कप्प्याच्या आत, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या काडीने अ‍ॅसिटोन या विद्रावकाचा लहानसा थेंब लावावा. पृष्ठभाग मऊ आणि चिकट झाला तर एबीएस किंवा पॉलिस्टायरीन आहे असे समजावे. काहीच परिणाम झाला नाही आणि सुटलेला तुकडा पाण्यावर तरंगला, तर ते पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन असण्याची शक्यता मोठी. त्यावर नेहमीचा कोणताही गोंद नीट धरत नाही, आणि मग सांधण्याचा नाद सोडून थेट शेवटच्या पर्यायाकडे, म्हणजे धातूच्या डब्याकडे, वळावे.

एबीएसच्या बॉडीसाठी खरी तुलना अ‍ॅसिटोनचा जोड आणि अरल्डाइट (दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद) यांच्यात आहे. अ‍ॅसिटोन गोंदासारखे मध्ये राहत नाही. दोन्ही कडांचे प्लॅस्टिक विरघळवून ते उडून जाते आणि कडा एकजीव होतात. त्यामुळे तुटलेले तुकडे नेमके जुळत असतील आणि मधला कण हरवला नसेल, तर यासारखा स्वच्छ जोड दुसरा नाही. थोडी फट असेल तर एबीएसचे बारीक तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून मधासारखा दाट लगदा करता येतो. लेगोचे ठोकळे एबीएसचेच असतात, त्यामुळे हव्या त्या रंगाचा निरुपयोगी ठोकळा येथे कामी येतो. जोड काही मिनिटांत धरल्यासारखा वाटतो, पण आतला द्रव हळूहळू बाहेर पडत असल्याने किमान दोन दिवस त्यावर जोर देऊ नये. दोन गोष्टींची काळजी घ्यावी. अ‍ॅसिटोन पेडलवरची छापील अक्षरे पुसून टाकते, म्हणून काम नेहमी आतल्या बाजूने करावे. आणि ते अत्यंत ज्वालाग्राही असल्याने तापलेले सोल्डरिंग आयर्न त्या टेबलावर असता कामा नये.

अरल्डाइट प्लॅस्टिक विरघळवत नाही, केवळ पृष्ठभागाला धरते, म्हणून नुसत्या कडेला लावलेला त्याचा जोड धक्क्याने सुटू शकतो. त्याचे खरे सामर्थ्य आतून ठिगळ देण्यात आहे. भेगेच्या टोकाला दीड मिलिमीटरचे भोक पाडले की भेग पुढे धावत नाही; मग आतला भाग जाड सँडपेपरने खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, काचतंतूच्या कापडाचा तुकडा अरल्डाइटमध्ये भिजवून भेगेवर आडवा बसवावा. पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या प्रकारापेक्षा रात्रभर घेणारे साधे अरल्डाइट अधिक टिकाऊ ठरते. जॅकजवळच्या कोपऱ्यासाठी मी हाच मार्ग सुचवेन, कारण केबल ओढली गेली की तेथे जोड उचकटण्याचा जोर येतो आणि तो पेलायला कापडाचे तंतू लागतात. दोन्ही पद्धती एकत्र वापरणे, म्हणजे कड अ‍ॅसिटोनने एकजीव करून तिच्यामागे अरल्डाइटचे ठिगळ देणे, हे सर्वांत उत्तम.

फेविक्विक या कामाला अपुरे आहे. ते ताण सहन करते, पण आघात आणि उचकटणे सहन करत नाही. शिवाय त्याची वाफ आजूबाजूला पांढरी साय धरते आणि स्विचच्या संपर्कबिंदूंवर बसू शकते, म्हणून सर्किट बाहेर काढल्याशिवाय ते वापरूच नये. तुकडे जागेवर धरून ठेवण्यापुरता त्याचा उपयोग आहे.

स्क्रूचे खांब फुटतात ते बहुधा जुने प्लॅस्टिक ठिसूळ झाल्यावर स्क्रू करकचून आवळल्यामुळे. येथे जोर आतून बाहेर फाकवणारा असतो, म्हणून आत गोंद भरण्यापेक्षा बाहेरून आवळणे महत्त्वाचे. अरल्डाइटमध्ये भिजवलेला दोरा खांबाभोवती घट्ट गुंडाळला की काम होते. पुढे स्क्रू बसवताना तो आधी उलटा फिरवावा, ‘टक्’ असा हलका आवाज होऊन जुन्या आट्यात उतरला की मगच आवळावा. प्रत्येक वेळी नवे आटे पाडले गेले तर खांब पुन्हा फुटणारच.

बॅटरीचे झाकण हरवले असेल तर थ्रीडी प्रिंटला पर्याय नाही, कारण त्यावर जोर जवळजवळ येतच नाही. पायाच्या झडपेचे मात्र तसे नाही. बिजागरीची पिन उभी छापली तर ती थरांच्या रेषेवरच मोडते. भाग आडवा छापावा, किंवा पिनेच्या जागी पोलादी तार बसवावी. थ्रीडी प्रिंटसाठी सर्रास वापरले जाणारे पीएलए प्लॅस्टिक साधारण ६० अंश सेल्सियसला मऊ पडते, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ते वाकू शकते. म्हणून एबीएस किंवा पीईटीजी या अधिक उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकचाच आग्रह धरावा.

शेवटचा पर्याय म्हणजे सर्किट अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव डब्यात हलवणे. असे डबे मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत चौकशी करून मिळू शकतात. आठवड्याला कार्यक्रम करणाऱ्या वादकाने हाच मार्ग घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे: डबा पायाखाली तुटत नाही आणि बाहेरची घरघरही अडवतो. मात्र काम सर्वांत मोठे आहे. बोर्डावरचे जॅक आणि पोटेन्शिओमीटर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या गोल बटणांखालचे भाग) काढून तारांनी जोडावे लागतात. या पेडलमध्ये इलेक्ट्रॉनिक स्विचिंग असल्याने पाय उचलताच सुटणारा स्विच लागतो, दाबल्यावर तसाच अडकून राहणारा नेहमीचा खटका बसवला तर पेडल नीट चालू-बंद होणार नाही. आणि ९ व्होल्टचा डीसी जॅक प्लॅस्टिकच्याच बॉडीचा घ्यावा. मध्यभागी ऋण टोक असलेल्या जोडणीत जॅकचा बाहेरचा भाग धन असतो, धातूचा जॅक ग्राउंड केलेल्या डब्याला टेकला की थेट शॉर्ट होतो.

घरी वाजवणाऱ्याने किंवा पुढे विकण्याचा विचार असणाऱ्याने डब्याच्या वाटेला जाऊ नये. मूळ बॉडी गेली की संग्राहकाच्या लेखी पेडलची किंमत उतरते, आणि ओबडधोबड पण आतून केलेली दुरुस्ती त्याला अधिक मान्य असते. हलवायचेच ठरले, तर बोर्डाला नवी भोके पाडू नयेत, त्यावरच्या तांब्याच्या पट्ट्या कापू नयेत, आणि जुनी बॉडी, झडप व स्क्रू एका पिशवीत जपून ठेवावेत, म्हणजे पुढच्या मालकाला सर्किट परत मूळ जागी बसवता येईल.