फेटचं सर्किट किट आणि टेबलावरचा खरा सेल: वर्गातला अनुभव

फेटचं (PhET) 'सर्किट कन्स्ट्रक्शन किट', म्हणजे संगणकाच्या पडद्यावर विजेच्या जोडण्या करून बघायचं साधन, दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाने वापरावं, पण खऱ्या सेल-बल्बच्या जागी नव्हे, त्यांच्या जोडीला. दांडिया बाजारातल्या माझ्या संध्याकाळच्या वर्गात जूनपासून वापरल्यावर माझं हे मत ठाम झालं आहे.

फेट हा कोलोराडो विद्यापीठाचा प्रकल्प, नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला. पैसे पडत नाहीत, ब्राउझरमध्ये चालतो, आणि फाइल आधी उतरवून ठेवली की नेट गेलं तरी अडत नाही.

व्याख्या आणि सूत्रं मुलं घरी व्हिडिओवर ऐकून येतात. मागे नेऊन पुन्हा ऐकता येतं, हा मोठा फायदा. पण काहींच्या घरचा एकुलता एक फोन वडिलांबरोबर दुकानात जातो. त्यांच्यासाठी सुरुवातीला वर्गातच व्हिडिओ लावते. हे न करता 'घरी बघून या' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

खरी गंमत समांतर जोडणीत आली. किटमध्ये ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचा रोध जोडला की अ‍ॅमीटर चोख ०.९ अँपिअर दाखवतो. रोधाच्या जागी बल्ब लावून त्याला समांतर दुसरा बल्ब जोडला तरी पहिल्याचा उजेड तसाच. मुलांनी हे वहीत लिहिलं. मग टेबलावर जरा वापरलेला सेल घेऊन तीच जोडणी केली, तर दुसरा बल्ब लागताच दोन्ही मंद! "टीचर, पुस्तक खोटं आहे का?" एकीने विचारलं. तिथून अंतर्गत रोधाचा विषय निघाला: धारा वाढली की सेलच्या आतच जास्त व्होल्टेज खर्ची पडतं, बल्बच्या वाट्याला कमी येतं. किटमध्ये बॅटरीचा रोध वाढवायची सोय आहे. तो वाढवल्यावर पडद्यावरचे बल्बही मंदावले, आणि मुलांनी आपणहून आकडेमोड सुरू केली. नुसत्या फळ्यावर हा प्रश्न कधी आलाच नव्हता.

उलट शॉर्ट सर्किट मात्र पडद्यावरच दाखवावं. तिथे बॅटरी पेटलेली दिसते, कुणाचं बोट भाजत नाही.

त्रास एकच: पडद्यावर तारा चटकन जुळतात, त्यामुळे हाताने तार सोलून घट्ट बसवायचा काही मुलांना कंटाळा येतो. म्हणून आता क्रम ठरवला आहे: आधी अंदाज वहीत, मग किट, मग खरी जोडणी. दोन्हीकडचे आकडे शेजारी लिहिल्याशिवाय वही तपासत नाही.