ग्राफ्ट गळतो कुठून? लेपाचा डेक्रॉन आणि पीटीएफई, दोन्ही पारखून

विणीच्या डेक्रॉन (पॉलिएस्टर) ग्राफ्टवर, म्हणजे कृत्रिम रक्तनळीवर, जिलेटिन किंवा कोलॅजनचा लेप आला आणि महाधमनीच्या शस्त्रक्रियेतली मोठी कटकट संपली. बिनलेपाचा विणीचा (निटेड) ग्राफ्ट म्हणजे हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) देण्याआधी रुग्णाचं रक्त काढा, नळी त्यात भिजवा, छिद्रं गुठळीने बुजेपर्यंत थांबा. महाधमनी फुटलेल्या रुग्णात एवढा वेळ असतो कुठे? लेपाच्या ग्राफ्टला हे सोपस्कार लागत नाहीत. या कामासाठी त्याला पैकीच्या पैकी गुण.

पथ्यं मात्र पाळायची. सलाइनमध्ये भिजवलेली नळी पुन्हा वाळू देऊ नका. उरलेला तुकडा ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक) करून ठेवू नका. उघड्या दातांचा क्लॅम्प (रक्त अडवणारा चिमटा) थेट ग्राफ्टवर लावला तर लेप चुरडतो आणि नेमकी तिथूनच भिंत पाझरते. जबड्यांना रबरी आवरण हवंच.

पीटीएफईचं, म्हणजे टेफ्लॉनच्या नळीचं, दुखणं वेगळं. इथे भिंत सहसा दगा देत नाही, टाक्यांची भोकं देतात. पॉलिप्रोपिलीनच्या दोऱ्याची सुई दोऱ्यापेक्षा जाड, त्यामुळे दोरा भोक पुरतं भरत नाही. पीटीएफईचाच दोरा घेतला, तर सुई आणि दोरा जवळपास सारख्याच जाडीचे असतात आणि रक्तस्राव बराच कमी होतो. सुई तिच्या वळणानेच ओढा, नाहीतर भोक फाटतं. तरीही झिरपलंच, तर गॉझ दाबून पाच मिनिटं धीर धरा. घाईने जादा टाके घालणं हा सर्वांत वाईट उपाय, कारण प्रत्येक टाका म्हणजे नवं भोक. गरज वाटल्यास हेपारिन प्रोटामिनने उतरवा. ढोबळ हिशेब हेपारिनच्या 100 युनिटला प्रोटामिन 1 मिलिग्रॅम.

सीरम (रक्तातला पेशींशिवायचा पातळ द्रव) पाझरणं हा या मालाचा खरा दोष, आणि बऱ्याचदा तो हातानेच ओढवून घेतलेला असतो. पीटीएफईची भिंत पाणी धरत नाही म्हणूनच ती पाझरत नाही. तिला अल्कोहोल किंवा बीटाडीन लागलं, किंवा सिरिंजने जोरात सलाइन आत दाबलं, की भिंत ओली होते. मग क्लॅम्प सोडल्यावर पांढऱ्या नळीवर दवासारखे थेंब उभे राहतात. डायलिसिससाठी धमनी आणि शिरेमध्ये जोडलेल्या ग्राफ्टमध्ये हा द्रव बहुधा धमनीकडच्या टोकाशी साचतो. सुईने उपसला तरी पुन्हा भरतो, आणि वारंवार उपसण्यात संसर्गाचा धोका. हटतच नसेल तर तेवढा भाग बदलून नवी नळी दुसऱ्या मार्गाने न्यावी.

साध्या पीटीएफईत डायलिसिसची सुई घालायला किमान दोन आठवडे थांबा. भोवतालची ऊती चिकटल्याशिवाय भोकं मिटत नाहीत. पुढेही जागा बदलत राहा. एकाच ठिकाणी टोचत राहिलं की भिंत झिजते आणि खोटी धमनीफुगी तयार होते. ग्राफ्टलगतची गाठ हाताला ठोके देत असेल, तर ती सीरमची समजून सुई घालू नका. आधी डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करा.